आईचा नवा ओटा

“थांबा मिस्त्री, पहिला हातोडा मी मारणार,” असं म्हणून आईनं पदर खोचला.

मुबारक मिस्त्री मोरीच्या कठड्याला छिन्नी लावून उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली. “काकी, हाताला लागंल.”

“लागू दे. तीस वर्षं हिनं मला लावलंय. एकदा हिला माझं लागू दे की.”

तिनं हातोड्याला हळद-कुंकू लावलं, मिस्त्रींना दोन पावलं मागं सरकवलं आणि असा काही घाव घातला, की कठड्याचा टवका उडून थेट आप्पांच्या खुर्चीपाशी जाऊन पडला. आप्पा दारात बसले होते. बासष्ट वर्षांची माझी आई हातोडा हातात धरून शाळेतल्या पोरीसारखी हसत सुटली. मिस्त्री हसले, मीही हसले. आप्पा तेवढे हसले नाहीत. ते खाली वाकून तो टवका उचलायला लागले, मला तोंड दाखवायला नको म्हणून.

कारण घर विकायचं ठरलं होतं. आप्पांना माहीत होतं, मला माहीत होतं, पुण्याच्या भरतेशदादाला माहीत होतं, मुबारक मिस्त्रींनाही माहीत होतं. आईला तेवढं माहीत नव्हतं.

जयसिंगपुरात तंबाखूच्या वखारीतल्या लोकांनी सोसायटी करून स्वस्तात बांधलेली ती घरं. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, परसात आड. आप्पा वखारीत दिवाणजी होते, त्यामुळं आम्हालाही एक घर मिळालं. बाकी घराला नावं ठेवायला जागा नव्हती, पण स्वयंपाकघर म्हणजे शिक्षाच. कडाप्प्याचा ओटा आईच्या गुडघ्याच्या जरा वर, तोही मध्यभागी खचलेला. ओट्याला चिकटून मोरी. भांडी तिथंच, अंघोळ तिथंच. आणि मागचं दार उघडलं की समोर संडासाचं दार. पोळी लाटताना कुणी डबा घेऊन गेलं की आई डोळे मिटून लाटायची. दर दिवाळीला ती म्हणायची, “एवढी मोरी हलवा हो.” आणि दर दिवाळीला आप्पा म्हणायचे, “पुढच्या वर्षी बघू.”

त्या वर्षी माघात आप्पांना दुसऱ्यांदा झटका आला. दादाचं म्हणणं, तुम्ही दोघं पुण्याला चला, हे घर विकून मी माझा फ्लॅट मोठा करतो. त्यात खोटं काही नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. माझा भाऊ वाईट नाही. पण हे पहिल्यांदा आईपुढं काढलं तेव्हा ती म्हणाली, “मला चौघांनी उचलून न्या. चालत मी इथनं जाणार नाही.” आणि दोन दिवस जेवली नाही. झालं, तेव्हापासून तो विषय बंद.

बंद म्हणजे तिच्यापुढं बंद. दादानं खोत म्हणून एका एजंटाला गाठलं. खोत घर बघून गेला आणि म्हणाला, “जुनं घर स्वयंपाकघरावर विकतं साहेब. मालक भिंती बघतो आणि मालकीण ओटा बघते. फार खर्च करू नका. मोरी काढा, संडासाचं दार बोळाकडं फिरवा, आहे त्या ओट्याची उंची वाढवून वर ग्रॅनाइट टाका, भिंतीला फिक्या टाइल्स, खाली दोन-तीन ट्रॉल्या. बाकीच्या घराला नुसता रंग मारा.”

म्हणजे बघा, आई तीस वर्षं जे मागत होती तेच आणि तेवढंच.

आईला सांगायचं कुणी, यावर दादा फोनवर म्हणाला, “त्रिशला, तू सांग. तुझं ऐकती ती.” आप्पा म्हणाले, “तू सांग बाळ. माझ्यानं व्हायचं नाही.” मी पोरांना निपाणीला सासूबाईंकडं सोडून मे महिन्यात माहेरी आले ती त्यासाठीच. काम चालू असताना चांगली वेळ बघून सांगायचं, असं ठरवलं होतं. चांगली वेळ! असली वेळ चांगली कुठली असणार, हे डोक्यात आलं नाही माझ्या.

त्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन आला. “सांगितलंस?”

“आज मोरी फोडली. आज कसं सांगू?”

“मग कधी?”

“उद्या.”

चौथ्या दिवशी आम्ही दोघी टाइल्स आणायला सांगलीला गेलो. दुकानदाराकडं मागच्या वर्षीचा उरलेला माल होता, निम्म्या भावात. आई एकेक टाइल हातात घेऊन बोटांनी चाचपत होती. तिला एक आवडली, हिरवी, मध्ये बारीक पानांची वेल. दोन पावलं लांब धरून बघितली, परत जवळ घेतली.

“ही घेऊ या गं. डोळ्याला किती गार वाटती.”

“नको आई. पांढरी घे.”

“पांढरी दवाखान्यात असती की.”

“पांढऱ्यानं उजेड पडतो. शिवाय पांढरी कुणालाही आवडते.”

“कुणाला आवडायचंय? राहायचंय आम्हा दोघांना,” ती म्हणाली. खोतानं बजावून सांगितलं होतं, रंगीत काही लावू नका, गिऱ्हाइकाची आवड आपल्याला ठाऊक नसते. आता हे आईला कसं सांगायचं? मी नुसतीच हट्टाला पेटल्यासारखी पांढरी-पांढरी करत राहिले. दुकानदार दोघींच्या तोंडाकडं बघत उभा.

शेवटी आईनंच ती वेलाची टाइल खाली ठेवली. “बरं बाई, पांढरी तर पांढरी. खरं म्हणजे तुझंच बरोबर आहे. महाराजांना पांढरंच बरं दिसेल.”

“कुठले महाराज?”

ती लाजली. माझी आई लाजलेली मी फार वेळा बघितलेली नाही. “तुला सांगणार नव्हते इतक्यात. बस्तीत नाव देऊन आलेय मी. यंदा चातुर्मासाला महाराजांचा संघ आपल्याकडं येणार आहे. मी चौका लावणार आहे.”

आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. आमचे मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, ओंजळीत, कुणातरी श्रावकाच्या घरी. ज्या घरी त्यांच्यासाठी शुद्ध स्वयंपाक करतात त्या घरानं चौका लावला असं म्हणायचं. पाणी आडाचं, गाळलेलं. कपडे धुवट. आणि स्वयंपाकघर असं स्वच्छ, की बोट ठेवायला जागा नको. मोरी ओट्याला लागून आणि संडास दारासमोर, अशा घरात कोण चौका लावणार? आई तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या चौक्यातले तांदूळ निवडत आली होती. आपल्या घरी लावावा असं तिच्या मनात होतं, हे मला त्या दुकानात कळलं. पस्तिशीतली लेक मी, आणि मला ठाऊक नव्हतं.

“बस्तीतल्या बायका येऊन स्वयंपाकघर बघून जाणार आहेत,” ती सांगत होती. “कलावतीकाकू म्हणाल्या, काम झालं की कळव. मी म्हटलं, मोरी गेली, संडासाचं दार फिरलं, आता काय अडचण? मी काय पाप केलंय होय, माझ्या दारात महाराज उभे राहणार नाहीत ते?”

“नाही गं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आषाढात चातुर्मास बसणार, आणि खोत म्हणत होता की जून संपायच्या आत व्यवहार उरकतो. येताना बसमध्ये ती टाइल्सचा एक नमुना मांडीवर घेऊन बसली होती. मी खिडकीतनं बाहेर बघत होते. सांगलीपासनं जयसिंगपूर किती लांब आहे? पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना.

त्या रात्री मी दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पुण्यातही बस्ती आहे की.”

“दादा, तुझ्या चौथ्या मजल्यावर आड आहे का?”

“मग मी काय करू, सांग तू. आप्पांना रात्री काही झालं तर तिथं कोण आहे? तू येणार आहेस निपाणीहून?”

तो खोटा नव्हता हीच तर पंचाईत. कुणीतरी एक जण लबाड असता तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

सातव्या दिवशी सांगायचंच, असं मी सकाळी उठल्या उठल्या ठरवलं. आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवण होतं. आत सगळं सिमेंट, म्हणून आम्ही तिघं परसात आडाजवळ पानं घेतली होती. आईनं दोन विटांवर चूल करून भाकरी केली होती. तिच्या केसांत धूळ होती, पण तोंड उजळलं होतं. आठवडाभर ती मिस्त्रींच्या बरोबरीनं पाट्या उचलत होती. नको म्हटलं की म्हणायची, “माझ्या घरचं काम आहे, मला कशाची लाज?”

“आई,” मी म्हटलं, “एक सांगायचं होतं.”

“सांग की.”

आप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि भाकरीचा तुकडा सुटून आमटीत पडला.

“अहो, काय झालं? छातीत काही होतंय का?” आई उठलीच.

“काही नाही. ठसका,” आप्पा म्हणाले.

तिनं त्यांना पाणी दिलं, पाठीवरनं हात फिरवला, मग परत येऊन बसली. “हां, काय म्हणत होतीस?”

“खिडकीला जाळी बसवू या. डास येतात.”

“एवढंच होय? मला वाटलं काय की,” असं म्हणून तिनं माझ्या पानात आणखी अर्धी भाकरी टाकली. मी खाली मान घालून ती खाल्ली. तोंडात फिरत होती नुसती.

नवव्या दिवशी ट्रॉल्या बसवायच्या होत्या. मुबारक मिस्त्री तारेच्या जाळ्या आणि त्या सरकायच्या पट्ट्या पुढ्यात मांडून बसले होते.

“काकी, ही पट्टी हलकी हाय,” ते म्हणाले. “डब्यांचं वजन आलं की अडकंल. जरा भारीतली घालू या काय?”

आई काही म्हणायच्या आत मी म्हटलं, “नको मिस्त्री. हीच चालेल.”

“व्हय, ताईंचंबी बरोबर हाय,” मिस्त्री स्क्रू पिळत म्हणाले. “नाहीतरी वापरायचंय कुणाला.”

“म्हणजे?” आई म्हणाली. “मलाच की.”

मिस्त्रींचा हात थांबला. त्यांनी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं. “तेच म्हणतोय मी,” ते पुटपुटले. “तुमचा हात हलका हाय, काकी. चालंल.”

दुपारी ते आडाजवळ हात धुवायला गेले तेव्हा मला म्हणाले, “ताई, काकींना ठावं न्हाई?”

“नाही.”

“अवं, मग त्या मला रोज सांगत्यात, इथं महाराज उभं राहणार, तिथं मी उभी राहणार. मी व्हय-व्हय म्हणत मापं घेतोय.” त्यांनी तोंडावर पाणी मारलं. “चाळीस वर्षं झाली गवंडीकाम करतोय. असलं काम न्हाई केलं कधी.”

“मी सांगणार आहे, मिस्त्री.”

“कधी?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता, ओट्याच्या उजव्या अंगाला भिंतीत एक कोनाडा काढला आणि त्याला आतनं पांढऱ्या टाइल्स लावल्या. आडाच्या पाण्याची घागर ठेवायला. मजुरी विचारली तर हात जोडले.

अकराव्या दिवशी काम संपलं. खरं सांगते, स्वयंपाकघर ओळखू येत नव्हतं. ओटा आईच्या कमरेला बरोबर आलेला. काळं ग्रॅनाइट, पांढरी भिंत, स्टीलचं सिंक. संडासाचं दार बोळाकडं गेल्यामुळं मागचं दार उघडलं की आड आणि जास्वंद दिसायची. आई ओट्यापुढं उभी राहिली. हात टेकले, उचलले, परत टेकले.

“वाकावं लागत नाही गं,” ती म्हणाली. आणि रडायलाच लागली. “तीस वर्षं मी वाकून केलं. आता नीट उभी राहून करीन.”

आता सांगू? सांगा ना मला, त्या क्षणी कुणी सांगितलं असतं?

रविवारी सकाळी दहाला पार्टी येणार असल्याचा खोताचा फोन आला. मी ठरवलं, नवाला आईला बस्तीत घेऊन जायचं, बारापर्यंत तिथंच बसवायचं. घर आप्पा दाखवतील. संध्याकाळी काय ते सांगायचं. पण आई सकाळी अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली. दारात रांगोळी.

“चल की बस्तीत,” मी म्हटलं.

“आज नाही. आज बायका यायच्या आहेत स्वयंपाकघर बघायला. कलावतीकाकूंना कालच कळवलंय मी, काम झालं म्हणून.”

“उद्या येतील त्या.”

“आणि आजच आल्या तर? घराला कुलूप बघून परत जाऊ देत त्या?”

मी खोताला फोन लावला, तो उचलेना. परत लावला. मग आप्पांना म्हटलं, “आप्पा, आता?” आप्पा खुर्चीत बसून गुडघ्यांवर हात चोळत होते. ते म्हणाले, “मला विचारू नको गं.”

दहाला एक मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबली. खोत फोनवर बोलत मोटारीपाशीच राहिला आणि नवरा-बायको दोघंच पुढं आले. बाई चाळिशीच्या, सुती साडी, डोक्यावर पदर घेतलेला. दारात रांगोळी बघून त्या ती चुकवून आल्या.

“आम्ही पाटील,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकघर बघायचं होतं.”

“या, या!” आई पुढं झाली. “तुमचीच वाट बघालेय सकाळपासनं.”

आमच्या भागात पाटील सगळ्यांत आहेत, जैनांत तर घरटी एक. आईला शंका यायचं कारणच नव्हतं. मी मध्ये पडायला पुढं झाले तोवर ती त्या बाईंचा हात धरून आत गेलीसुद्धा.

“हे बघा, पूर्वी मोरी इथं होती. पार उखडून काढली, खालची मातीही बदलली. आता अंघोळीचं सगळं बाहेर. आणि हे दार उघडा तुम्ही. उघडा, उघडा. येतोय काही वास?”

“अजिबात नाही,” पाटीलबाई म्हणाल्या. “छान हवा येते की.”

“संडासाचं तोंड पलीकडं केलंय. हा आड. उन्हाळ्यातही आटत नाही. मीच शेंदते, मीच गाळते. दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही.”

“विहीरसुद्धा आहे! अहो, ऐकलंत का?” बाईंनी नवऱ्याला हाक मारली. तो पावलं टाकून खोलीची लांबी मोजत होता. आईला त्यातही काही वावगं वाटलं नाही. उलट म्हणाली, “मोजा, मोजा. पाच-सहा माणसं सहज उभी राहतील. मी मापं घेऊनच करून घेतलंय.”

मी उंबऱ्यात उभी होते. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची भीती वाटत होती, म्हणून दातावर दात घट्ट धरले होते. आई इतकी सुंदर बोलत होती. कुठल्याही एजंटाला इतकं बोलता आलं नसतं. ट्रॉली, कोनाडा, सिंक, एकेक हात लावून दाखवत होती आणि त्या बाईंचा चेहरा खुलत होता. माझी आई आपलं घर आपल्या तोंडानं विकत होती आणि मी बघत उभी होते.

“इथं फ्रिज बसेल का हो?” पाटलांनी विचारलं.

“फ्रिज?” आई हसली. “फ्रिजमधलं काय चालतंय? सगळं ताजं लागतंय की.”

पाटीलबाई जरा गोंधळल्या. “शेगडी छान आहे. ही तुम्ही नेणार, का इथंच ठेवणार?”

“कुठं नेणार?” आई म्हणाली.

पाटीलबाईंनी आईकडं बघितलं, मग वळून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या लक्षात आलं. मी मान खाली घातली.

“अगं,” मागून आप्पांचा आवाज आला. ते भिंतीला धरून उभे होते. “ते बस्तीतनं आलेले नाहीत. घर घ्यायला आल्यात.”

“कुणाचं?” आईनं विचारलं.

“आपलं.”

आईचा हात ग्रॅनाइटवर होता. तो तिनं तिथंच ठेवला. तिनं आप्पांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. पाटलांनी खिशात हात घातला आणि नुसताच परत काढला. बाहेर खोताचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. मला वाटलं, ही आता खाली बसेल, ओरडेल, माझ्या मुस्कटात मारेल. मारायला पाहिजे होतं तिनं.

ती पाटीलबाईंकडं वळली.

“ही मधली ट्रॉली जरा उचलून ओढायची,” ती म्हणाली. “नुसती ओढली तर अडकती. पट्टी हलकी आहे.” तिनं ओढून दाखवली. “सिंकखाली आठवड्यातनं एकदा गरम पाणी सोडत जा. आणि आडाच्या रहाटाला तेल लागतं. तुमच्यात कोण कोण आहे?”

“दोघं, दोन मुली आणि सासूबाई,” पाटीलबाई म्हणाल्या. “काकी, आम्हाला ठाऊक नव्हतं हो. आम्ही जातो. आम्ही दुसरं बघू.”

“दुसरं कशाला? हे चांगलं आहे,” आई म्हणाली. “सासूबाईंना वाकावं लागणार नाही.”

ते गेल्यावर तिनं ओटा पुसला. मी मागं जाऊन उभी राहिले. “आई,” म्हटलं. ती पुसतच राहिली.

“मिस्त्रींना माहीत होतं?”

“होय.”

“म्हणून त्यांनी कोनाड्याचे पैसे घेतले नाहीत.” थोड्या वेळानं म्हणाली, “आणि पांढऱ्या टाइल्स त्यासाठी?”

“होय.”

“दादानं सांगितलं होतं तुला असं करायला?”

आता मात्र खोटं बोलता आलं नाही. दादा तर म्हणाला होता, आधी आईला सांगू आणि मगच काम काढू. ‘आत्ता नको सांगायला. तुझं स्वयंपाकघर करतोय, एवढंच म्हणू, मग ती आडवी येणार नाही,’ ही कल्पना माझी होती. निदान महिनाभर तरी तिला सुख मिळेल, असं मी दादाला म्हटलं होतं. आणि ते म्हणताना मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं!

“नाही,” मी म्हटलं. “मीच.”

आईनं फडकं पिळलं, झटकलं, वाळत घातलं. “बस्तीत जा,” ती म्हणाली. “कलावतीकाकूंना सांग, माझं नाव काढा. मला जमणार नाही म्हणावं.”

“आई, मी दादाशी बोलते. आपण चातुर्मासापर्यंत थांबवू या.”

“जा म्हटलं ना. त्या यायच्या आत जा.”

मी गेले. कलावतीकाकूंनी वही काढली, नाव शोधलं, रेघ मारली. “अगं, एवढी मागं लागली होती ती. झालं काय?” मी म्हटलं, तब्येत. आणि देवाच्या दारात आणखी एक खोटं बोलून आले.

जूनमध्ये व्यवहार झाला. घर पाटलांनीच घेतलं. आई चालतच गेली गाडीपर्यंत, कुणाला उचलावं लागलं नाही. मला वाटत होतं, एकदा तरी बोलेल, टोचून, रागावून, कसंही. पण त्या विषयावर ती पुढं कधीच बोलली नाही, ना माझ्याशी, ना दादाशी. आप्पा पुण्यात आणखी सहा वर्षं जगले. वेळेवर दवाखाना मिळाला म्हणूनच जगले, दादाचं बरोबरच ठरलं.

त्याच वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा त्यांच्याकडं पुण्याला गेले. मोठा फ्लॅट, स्वयंपाकघर जयसिंगपूरच्या दोन्ही खोल्यांएवढं. वहिनी भली बाई. आईला एक काम सांगायची नाही, “तुम्ही बसा आई, आयुष्यभर केलंत,” म्हणायची. मी पोचले तेव्हा दादा ऑफिसला गेला होता, आप्पा झोपले होते आणि वहिनी नुकतीच अंघोळीला गेली होती. आई बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या कडेला बसली होती. मी बॅग टेकवली, घाम पुसला आणि माहेरी आल्यावर जे म्हणते तेच म्हटलं, “आई, घोटभर चहा टाक गं.”

ती लगेच उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आत कुणी नव्हतं. ओटा रिकामा, चहाचा डबा समोरच दिसत होता. ती उंबऱ्याशी थांबली, आत बघितलं आणि परत येऊन सोफ्याच्या कडेला बसली.

“थांब हं जरा,” ती म्हणाली. “ती बाहेर येऊ दे. विचारून टाकते.”